पळसोबाच्या आधीचा डोंगर

"तुमच्या गावाला डोंगर हाय का?"

पोस्टाच्या खिडकीशी कार्ड घ्यायला आलेला माणूस या प्रश्नानं गांगरून जायचा. खिडकीच्या आत मी असायचो, पण विचारणारा मी नव्हे. प्रश्न त्याच्या पाठीमागून यायचा आणि त्यानं वळून बघेपर्यंत दुसराही यायचा, "आन् त्या डोंगरावर कोण जात तर न्हाई ना?"

माणूस वळायचा. खाकी कोट, पांढऱ्या मिशा आणि उत्तराची वाट बघणारे दोन बारीक डोळे त्याला दिसायचे. तो दचकायचा. काहीतरी पुटपुटायचा, कार्ड उचलायचा आणि चपला फटफट वाजवत निघून जायचा. लोक दचकतात ते प्रश्नाला, असं तेव्हा मी समजत होतो. तेव्हा मी बऱ्याच गोष्टी समजत होतो.

परभणी जिल्ह्याच्या उत्तरेला काळी रानं संपून जिथं डोंगर सुरू होतात, तिथल्या एका तालुक्याच्या गावी मी पोस्टात काउंटरला होतो. शिवाय गणपतीत नाटकं बसवत होतो. त्यातली मुख्य भूमिका दर वर्षी मलाच मिळायची, कारण दिग्दर्शक मीच असायचो. प्रश्न विचारणारे ते रंगनाथमामा, आमचे तारवाले. परभणीहून यंत्रावर कडकट्ट सुरू झालं की पोस्टमास्तर कान देऊन ती तार उतरवून घ्यायचे, पाकिटात घालायचे, आणि मामा ते पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवून तांबड्या सायकलीवरून निघायचे. गाव दहा कोस असो, ऊन असो, नाल्याला पाणी असो, तार पोचायची. मामांचं कुटुंब चुडाव्याला. ते स्वतः पोस्टामागच्या खोलीत एकटे राहायचे. त्यांना इंग्रजी चारच शब्द येत होते: एक्सपायर्ड, सीरियस, स्टार्ट आणि इमिजिएटली.

"एवढ्यावर भागतं का मामा?" मी विचारायचो.

"बावीस वर्सं झाली, बाबू. पाचवा शब्द लागला न्हाई."

रविवार उजाडला की मामा ज्वारीच्या दोन भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधायचे आणि डोंगर शोधायला निघायचे. एकटे. देवदर्शन नाही, शिकार नाही, औषधाच्या मुळ्या नाहीत. नुसती जागा बघायची. जागेच्या अटी ठरलेल्या होत्या. बसायला सावली पाहिजे. लांबवर नजर गेली पाहिजे. आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत एकही माणूस दिसता कामा नये.

सोमवारी सकाळी मी टपालाच्या थैल्या बाजूला सारून निकाल विचारायचो.

"काय मामा, कालची जागा?"

"नापास."

"का हो?"

"शेळी आली."

"शेळी म्हणजे काय माणूस आहे?"

"शेळी आली की मागून धनगर येतोय. धनगर आला की तंबाखू मागतोय. तंबाखू आली की गप्पा आल्या. संपलं की मंग."

चारठाण्याकडचा माळ त्यांनी असाच बाद केला होता. तिथली जुनी देवळं बघायला कुणीतरी शिकलेला माणूस येतो, खांब मोजतो आणि मोजून झाले की आकडा आपल्याला सांगतो, अशी त्यांची तक्रार होती. धरणाकडची बाजू बाद, कारण तिथं नवी जोडपी एकमेकांचे फोटो काढतात आणि तिसऱ्याला म्हणतात, जरा दाबा हो बटण. मी पोखर्णीचा. म्हणून एकदा भोळेपणाचा आव आणून म्हणालो, "मामा, आमच्या पोखर्णीला या की. नरसिंहाचं देऊळ आहे."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांना परभणीच्या बाजारात झोपायला सांगितलं होतं.

पण सगळ्यात कडक अट शेंदराची. दगडावर बोटभर शेंदूर दिसला तरी मामा तिथं भाकरी सोडायचे नाहीत. "आज शेंदूर हाय ना, उद्या नारळ येतोय. परवा झेंडा. तेरवा जत्रा. शेंदूर दिसला की उठायचं, बाबू. बिल्कुल थांबायचं न्हाई."

हे सगळं मी मिशीवर बोट फिरवत, मान तिरकी करून, मामांच्या आवाजात मास्तरांना करून दाखवायचो. मास्तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचे. मामा समोर असले तरी मी थांबायचो नाही. तेही हसायचे, जरा उशिरानं. माणूसघाणा म्हातारा, असं मी त्यांचं पात्र बांधून टाकलं होतं, आणि माझ्या हातून एकदा बांधलेलं पात्र पुन्हा सोडलं जात नसे.

दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी मामा आले ते शीळ घालत. पोस्टात शीळ! मास्तरांनी चष्मा वर केला.

"पास," मामा म्हणाले.

"कुठली जागा?"

"हाय एक."

महिनाभर मी त्यांचा पिच्छा पुरवला तेव्हा एवढंच हाती लागलं: वर एक सपाट खडक आहे. खडकाच्या कडेला एकच पळस. पळसाखाली कमरेएवढा उभा दगड, पाठ टेकायला. समोर दरी, आणि दरीपलीकडं पूर्णेचं पाणी ताटासारखं चमकतं. सलग चार रविवार मामा तिथं गेले. चार रविवार माणूस नाही, शेळी नाही, शेंदूर नाही.

"मला न्या की एकदा," मी म्हणालो.

"तुमाला?"

"मग!"

"तुमी म्हंजे मानूस न्हाई का?"

मास्तर हसले. या वेळी माझ्यावर हसले. तिथंच माझ्या डोक्यात किडा शिरला.

पुढच्या रविवारी मी सायकल मागून आणली आणि लांबून त्यांच्या मागं गेलो. मनात म्हटलं, म्हाताऱ्यानं तिथं काहीतरी पुरलंय, नाहीतर कुणाला तरी भेटतो. झुडपाआड दोन तास पोटावर पडून राहिलो. मामांनी कोट काढला. घडी केली. टोपी काढून कोटावर ठेवली. दगडाला पाठ लावून बसले आणि समोर बघत राहिले. बस्स. दोन तासांत नाटक पुढं सरकेना. मी काटे काढत परत आलो, आणि निराश झालेल्या प्रेक्षकासारखं मला वाटलं की यात काहीतरी घडवलं पाहिजे.

संक्रांतीची सुट्टी होती. बायको तिळगुळाच्या गडबडीत असताना मी वाण्याकडून शेंदूर घेतला, पानाच्या डबीत तेल घेतलं, डोंगर चढलो आणि तो उभा दगड वरपासून खालपर्यंत रंगवून काढला. दोन डोळेही काढले. जरा रागीट काढले. मेकअपमध्ये माझा हात बरा होता. बेत साधा होता. रविवारी मामा जातील, सोमवारी 'नापास!' म्हणत येतील, मी पोट धरून हसेन आणि खरं सांगेन. मग दोघं जाऊन पुसून टाकू.

सोमवारी मामा आले. थैल्या उचलल्या, ठेवल्या.

"काय मामा, जागा?"

"शेंदूर," ते म्हणाले. एवढंच.

नापास म्हणाले नाहीत. सांगायची वेळ तीच होती. जिभेवर आलंही होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो मला नाटकात कधी साधला नव्हता, आणि मला वाटलं, अजून चार दिवस बघू. खरंच एवढ्यासाठीच मी थांबलो. अजून चार दिवस मजा बघू म्हणून.

त्या चार दिवसांत गयाबाई नावाच्या धनगराच्या म्हातारीची हरवलेली म्हैस त्या खडकाशी उभी सापडली. म्हैस तिथं कशी आली ते म्हशीला ठाऊक. गयाबाईला दिसले ते काल नव्हते आणि आज उघडलेले दोन रागीट डोळे.

बातमी कानावर आली तसा मी रॉकेलची बाटली आणि चिंध्या घेऊन डोंगरावर पळालो. डावा डोळा अर्धा पुसून झाला होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करायलात, पावणं?"

गयाबाई. हातात काठी.

"काही नाही आजी... देवाला आंघोळ घालतोय."

तिनं नाक वर केलं. "राकेलनं?"

आयुष्यात अनेकदा संवाद विसरून मी वेळ मारून नेलीय. म्हणालो, "आमच्याकडं रागीट देवाला आधी रॉकेलनंच धुतात. मग शेंदूर."

"मंग लावा की शेंदूर."

"संपला."

"माझ्याकडं हाय," ती म्हणाली आणि कनवटीतून पुडी काढली. काठी तिनं खाली ठेवली नव्हती. मी मुकाट्यानं डोळा पुन्हा काढला. मग तिनं नारळ दिला. तोही माझ्याच हातानं फोडून घेतला. देवाचं नाव काय, असं तिनं विचारलं, तेव्हा घाबरून तोंडाला आलं ते बोलून गेलो: "पळसोबा."

माझ्या साऱ्या नाटकांत मिळून जेवढी माणसं जमली नसतील, तेवढी या एका शब्दानं जमवली. पंधरा दिवसांत नारळांच्या करवंट्यांचा ढीग झाला. महिन्यात झेंडा लागला. पळस फुलला तोवर कुणीतरी चुन्याचा ओटा बांधून दिला होता आणि चैत्रात जत्रा भरणार, हे पोस्टात कार्ड घ्यायला आलेले लोकच मला सांगू लागले.

मामांनी त्यांना काही विचारलं नाही. कुणालाच काही विचारणं त्यांनी बंद केलं. रविवारी ते खोलीत असायचे, दार ओढून. मास्तर मला म्हणाले, "अरे, ते शेळीचं करून दाखव की." मी म्हणालो, घसा बसलाय.

आणि मग फाल्गुनात मामांना ताप आला. पहिल्यांदाच. त्याच दिवशी तार आली. गाव जवळचं, तीन कोसांवरचं. मास्तर म्हणाले, "जा बाबा तूच. बातमी चांगली आहे, बक्षीस मिळेल." तार खरंच चांगली होती: लेक बाळंत झाली, मुलगा झाला, दोघं खुशाल. मी मामांचा कोट चढवला, त्यांची तांबडी सायकल घेतली आणि रस्ताभर वाक्य घोळवत गेलो. कसं सांगायचं, कुठं थांबायचं, आजी झालात हे कुठल्या शब्दावर जोर देऊन म्हणायचं.

वेशीत शिरलो आणि पारावरची बोलणी थांबली. म्हातारे उठून उभे राहिले. गल्लीत वळलो तर दोन दारं आतून लागली. एका बाईनं अंगणातलं पोर उचललं आणि त्याचं तोंड पदरात झाकलं. मी ज्या घरासमोर उतरलो तिथं एक बाई सूप घेऊन जोंधळे पाखडत होती. तिनं मला पाहिलं. सूप हातातून गेलं. मी तोंड उघडायच्या आत तिनं कपाळ बडवून घ्यायला सुरुवात केली, "कोन गेलं रं माझं! कोन गेलं!" शेजारणी धावत आल्या. सगळ्याच रडायला लागल्या. "अहो, नातू झालाय! नातू!" मी ओरडत होतो, आणि त्या कालव्यात मला कुणी ऐकत नव्हतं.

शेवटी कळलं त्यांना. रडणं थांबलं. पण त्या बाईच्या चेहऱ्याचा रंग परत आला नाही. बक्षीस राहू द्या, मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. घरच्या म्हाताऱ्यानं हात जोडले आणि म्हणाला, "जावा आता, बाबा. लवकर जावा." दार लागलं तेव्हा मी अंगणात सांडलेल्या जोंधळ्यांत उभा होतो.

रंगमंचावर माझ्या प्रवेशाला लोक हसलेत, ओरडलेत, एकदा कुणी चप्पलही फेकलीय. पण नुसतं दिसल्याबरोबर माणसाचं तोंड पडतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मला ते एक दिवस सहन झालं नाही. मामांनी बावीस वर्षं बघितलं होतं.

संध्याकाळी कोट परत द्यायला गेलो. ताप उतरला होता. मामा दारात बसून, जुनं बनियन घेऊन सायकलीची चेन पुसायला लागले. मी कोट खुंटीला लावला आणि पाठमोराच म्हणालो, "मामा, तो शेंदूर मी लावला."

"म्हाईत हाय."

मी वळलो. "कसं?"

"संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी तुमच्या नखात व्हता. इकलेल्या तिकिटावर बी लागला व्हता."

"मग बोलला का नाही?"

"तुमी सांगताल म्हणून थांबलो." चेनीवरून त्यांनी हात काढला नाही. "सोमवारी वाटलं, आज सांगतेत. मंगळवारी वाटलं, आज. तवा पुसता आला असता, बाबू. तवा निस्ता दगड व्हता."

मी उंबऱ्यावर बसलो.

तेच पुढं म्हणाले, "तुमी आज गेलता ना तार घेऊन. बघितलं ना?"

"बघितलं."

"चुडाव्याला घरी जातो. बायको दारात यिती. आधी माझ्या हाताकडं बघती. कागद हाय का म्हणून. मंग तोंडाकडं बघती." ते हसल्यासारखं काहीतरी करून गेले. "तिची बी चूक न्हाई. सवय पडली. मला मानसाचा राग न्हाई हो, बाबू. मला बघून मानसाला काय हुतंय त्ये बघवत न्हाई. म्हणून म्हटलं, आठ दिवसातून एक दिवस कुणालाच भ्या घालायचं न्हाई. डोंगराला काय, म्या बसलो काय, न्हाई बसलो काय."

जत्रेच्या दिवशी मात्र ते स्वतःच म्हणाले, "चला, बघून तर यिऊ."

धुतलेलं धोतर, पांढरा सदरा. कोट नाही, सायकल नाही. आम्ही पायथ्यापर्यंत बसनं गेलो आणि माणसांच्या रांगेतून चढलो. जिथं मी झुडपाआड पडलो होतो तिथं भज्यांची कढई उकळत होती. खडकावर रेवड्या, बांगड्या, पिपाण्या. पूर्णेचं पाणी दिसायला पाहिजे होतं तिथं एक पाळणा उभा केला होता. मी मामांकडं बघायचं टाळत होतो.

पण डोंगरापलीकडची गावं दुसऱ्या पोस्टाखाली होती, आणि जत्रेला गर्दी बहुतेक त्यांचीच होती. तिथं मामांना कुणी ओळखत नव्हतं. एका म्हाताऱ्यानं सरकून त्यांना सावलीत जागा दिली. "बसा मामा, लय चढन हाय." दुसऱ्यानं चुना मागितला. मामांनी डबी काढून दिली. तो बैलांचं सांगायला लागला, मामा ऐकायला लागले. मध्येच मामा मोठ्यानं हसले. उशिरानं नाही, वेळेवर.

मग आम्ही दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो. आमच्या पुढं एक बाई होती, चाळिशीची, हातात नारळ. ओट्यापाशी पोचल्यावर तिनं डोकं टेकवलं आणि बाया मोठ्यानं बोलतात तशी देवाशी बोलायला लागली.

"बा पळसोबा, माझं लेकरू पलटणीत हाय. दुसरं काय मागत न्हाई. तारवाला माझ्या दारात येऊ देऊ नको. माझ्या जिवात जीव हाय तवर त्याची सायकल आमच्या गल्लीत वळू देऊ नको. कोंबडं देते."

मामा तिच्या मागं हातभर अंतरावर उभे होते. मी त्यांचा दंड धरला, बाहेर काढावं म्हणून. ते हलले नाहीत.

बाई उठली. नारळ फोडला, वळली आणि पाठीमागच्या पहिल्या माणसाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्यांच्या तोंडाकडं बघून ती हसली. "घ्या मामा, परसाद."

मामांनी दोन्ही हातांत घेतला. मग ओट्यापाशी गेले, मी काढलेल्या त्या रागीट डोळ्यांसमोर उभे राहिले आणि डोळे मिटून हात जोडले. बराच वेळ. मागची माणसं, "चला, चला," म्हणायला लागली तरी उभेच होते.

आम्ही उतरायला लागलो. अर्ध्या वाटेत मला राहवलं नाही.

"मामा, काय मागितलं?"

खोबरं अजून त्यांच्या मुठीतच होतं. ते पायाखालची वाट बघत उतरत राहिले.

"त्या बाईनं मागितलं त्येच," ते म्हणाले.